रेघोटीची गाढवं

तिला सगळे रेघोटी म्हणायचे. लहानपणी खडू, कोळसा, विटेचा तुकडा, काहीही हाताला लागलं की भिंत रंगलीच म्हणून समजा. वडील एकदा चुन्याची बादली खाली ठेवत वैतागून म्हणाले, "ही मुलगी नव्हे, रेघोटी आहे रेघोटी!" आणि ते नाव असं चिकटलं की लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यानं पहिला प्रश्न तोच विचारला.

"तुला खरंच रेघोटी म्हणतात?"

"म्हणतात."

नवरा नळ दुरुस्त करणारा, मोजकं बोलणारा. जरा विचार करून म्हणाला, "मग मीही तेच म्हणतो. नवीन कशाला शोधा."

चाळिशी उलटेपर्यंत रेघोटी एका छापखान्यात चित्रं काढत होती. साबणाच्या वेष्टनावरचा गुलाब, काडेपेटीवरची बोट, बिस्किटाच्या पुड्यावरची हसरी गाय, सगळं तिच्या हातचं. गावात असं घर नसेल जिथं तिचं चित्र पोचलं नव्हतं, आणि असं माणूस नव्हतं ज्याला ते तिचं आहे हे ठाऊक होतं. एकदा किराणा दुकानात शेजारीण साबण घेत होती. हिला राहवलं नाही. म्हणाली, "तो गुलाब माझा आहे."

शेजारणीनं वडी उलटसुलट करून पाहिली. "अगं, गुलाब काय, सगळे सारखेच असतात."

रेघोटी हसली. पण घरी येईपर्यंत ते वाक्य चपलेत गेलेल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

पुढे छापखान्याच्या मालकानं तयार चित्रांचा मोठा साठा एकदमच विकत घेतला. संगणकावर बोट ठेवलं की हवं ते फूल हजर. माणूस वाईट नव्हता. तिला समोर बसवून, चहा मागवून, खाली बघत म्हणाला, "तुमचा हात सुरेख आहे हो. पण हात आता परवडत नाही."

रडारड तिच्या स्वभावात नव्हती. तिनं चहा संपवला आणि विचारलं, "मागच्या खोलीत ती जुनी जाळीची चौकट पडलीय, ती नेऊ?"

ही चौकट म्हणजे लाकडी कडांवर ताणून बसवलेली बारीक जाळी. चित्राचा भाग तेवढा मोकळा, बाकीचा बुजवलेला. चौकट कापडावर ठेवायची, वर शाई ओतायची आणि रबरी पातं एका दमात ओढायचं, की चित्र कापडावर उतरतं. हात मध्येच थांबला तर डाग, जोर कमी पडला तर भुतासारखं फिकट. मालकानं चौकट दिली, पातं दिलं, वर उरलेल्या शाईचे डबेही दिले. तेवढं सगळं घेऊन रेघोटी बसनं घरी आली.

घरात दोन खोल्या आणि तीन माणसं. तिसऱ्या सासूबाई. त्या गणवेश शिवायच्या कारखान्यात आयुष्य काढून आलेल्या, आणि घरी हातानं फिरवायचं जुनं शिवणयंत्र. जिभेला धार, हाताला त्याहून जास्त.

"पिशव्या शिवून द्याल, आई?" रेघोटीनं विचारलं. "मी त्यांवर माझी चित्रं छापणार. विकणार."

"देईन की. काय छापणारेस? फुलं छाप. फुलं खपतात."

"फुलं छापून छापून झाली, आई. आता गाढवं."

सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी तो बाहेर काढला. "काय म्हणालीस?"

"गाढवं."

"डोक्यावर पडलीस का गं तू? पैसे देऊन गाढव कोण खांद्यावर घेईल?"

पण रेघोटीच्या मनात दुसरं काही येतच नव्हतं. त्यांची वस्ती टेकडीच्या उतारावर. गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. ट्रक खालच्या रस्त्यावर थांबायचा आणि विटा, वाळू, सिमेंट, सगळं वर चढायचं ते गाढवांच्या पाठीवरून. रोज सकाळी खिडकीखालून ती रांग जायची. त्यातली एक गाढवीण रेघोटीच्या खास ओळखीची. तिचा एक कान अर्धा तुटलेला. ती रांगेत पुढे असायची आणि वळणावर क्षणभर थांबून मागच्या सगळ्यांकडे बघायची, घरातल्या थोरल्या बहिणीसारखी. रेघोटीनं तिची किती चित्रं काढली होती त्याला गणतीच नव्हती.

सासूबाईंनी तोंडानं नाही नाही म्हणत पिशव्या शिवल्या, त्याही दुहेरी शिलाईच्या. म्हणाल्या, "वर काय का छापेनास, माझा बंद तुटता कामा नये." नवऱ्यानं मोरीत चौकटी धुवायला जुन्या नळांची खटपट करून फवारा बसवून दिला. दोन्ही खोल्यांतून दोऱ्या ताणल्या गेल्या आणि त्यांवर ओली गाढवं वाळत पडली. जेवायला बसायचं तर वाकून, गाढवांच्या पोटाखालून जावं लागायचं. नवरा एवढंच म्हणायचा, "आज गर्दी आहे."

दर रविवारी मोठ्या बागेत हातानं वस्तू बनवणाऱ्यांचा बाजार भरायचा. रेघोटीनं तिथं एक टेबल मिळवलं. पिशव्या, एप्रन, उशांचे अभ्रे. पहिल्या दिवशी लोक आले, हसले, फोटो काढले आणि पुढे गेले. दुसऱ्या रविवारी तेच. शेजारच्या टेबलावर मेणबत्त्या विकणारी बाई कळवळून म्हणाली, "ताई, ससा का नाही काढत?"

मग एक ठसठशीत बाई आल्या. त्यांनी पिशवी उचलली, आपल्या नवऱ्याच्या तोंडाशेजारी धरली आणि मैत्रिणीला म्हणाल्या, "बघ गं, चेहरा जुळतोय की नाही?" हशा पिकला. पिशवी खपली. त्यांचं पाहून दुसरीनं घेतली. एक तरुण म्हणाला, "दोन द्या. एक साहेबाला, एक सासऱ्याला." संध्याकाळपर्यंत टेबल जवळजवळ रिकामं झालं.

घरी सासूबाई खूश. "मी म्हटलं नव्हतं, खपतील?" त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं, पण ते असो.

रेघोटीनं मात्र चहाला हातही लावला नव्हता. नवऱ्यानं विचारलं, "खपली ना? मग?"

"खपली, पण शिवी म्हणून खपली, अहो. एकानंही तिच्या तोंडाकडे बघितलं नाही."

नवरा उठला. त्यानं तिच्या पुढ्यातला चहा परत गरम करून आणला.

दुसऱ्या दिवशी ती एक पिशवी घेऊन खालच्या रस्त्यावर गेली. गाढववाले काका ट्रकमधून विटा उतरवत होते. वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, आवाज मात्र सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असा. रेघोटीनं पिशवी पुढे केली. "काका, तुमची गाढवीण आहे. न विचारताच काढली. रागावू नका."

काकांनी हात पुसले, पिशवी लांब धरली. कान पाहिला आणि तोंडभर हसले. "अरे, ही तर आमची कानतुटकी! हुबेहूब!" मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, "पण हिचं ओझं कुठंय?"

"नुसती उभीच काढलीय."

"नुसती उभी ही नसतेच कधी, पोरी. ओझं उतरलं की लोळते. उभी आहे म्हणजे पाठीवर काहीतरी आहे." त्यांनी पिशवी परत दिली आणि रांग हाकारली.

रेघोटीही मागोमाग पायऱ्या चढत वरपर्यंत गेली. माथ्यावर एक घर बांधलं जात होतं. तिथं पोचल्यावर काकांनी विटा रचून घेतल्या आणि आतल्या गवंड्याला हाळी दिली, "खालून उचललं, वर पोचवलं! मोजून घ्या!" रोज तेच ओरडत असणार, तिनं खिडकीतून कैकदा ऐकलं होतं. पण आज शेजारी उभं राहून ऐकलं, कानतुटकीचा घामेजलेला खांदा हाताशी होता, आणि अंगावर काटा आला.

"काका, हे तुमचे शब्द मी चित्राखाली छापू?"

"छाप की. शब्दाला काय भाडं पडतं?"

आठवडाभर तिनं कागदच कागद फाडले. शेवटी जमलं: पायऱ्या, वळण, दोन्ही अंगांना भरलेली पोती, आणि मान वळवून मागे बघणारी कानतुटकी. डोळ्यांत दमणूक होती, पण लाचारी कुठंच नव्हती. खाली दोनच शब्द: उचललं, पोचवलं. आणि कोपऱ्यात सही म्हणून एक नागमोडी रेघ. उभ्या आयुष्यात स्वतःच्या चित्रावर केलेली तिची पहिली सही.

त्या रविवारी टेबलापाशी कमी हसणं झालं. लोक थांबायचे, वाचायचे, परत वाचायचे. जुळ्या पोरांना दोन्ही काखांत घेतलेली एक आई उभी राहिली. चित्राकडे बघितलं, पोरांकडे बघितलं, आणि म्हणाली, "ही पिशवी माझ्या गळ्यात अडकवा, मला हात नाहीत." एका नर्सनं आपल्या पाळीतल्या सगळ्या जणींसाठी घेतल्या. एका निवृत्त पोस्टमननं अभ्रा घेतला आणि छातीशी धरून चालू पडला. शिवी म्हणून कुणी घेतच नव्हतं असं नाही, पण आता बहुतेक जण स्वतःसाठी घेत होते.

बोलबाला झाला. एका बहुमजली मोठ्या दुकानातून निरोप आला. तिथल्या खरेदीच्या बाईंनी बोलावलं होतं. रेघोटी इस्त्रीचे कपडे घालून गेली. काचेची खोली, गुबगुबीत खुर्ची, जिच्यात बसलं की उठायला आधार लागावा. बाई खरंच गुणग्राहक होत्या. चित्रावरून बोट फिरवत म्हणाल्या, "रेष काय जिवंत आहे तुमची! आमच्या सगळ्या दुकानांत ठेवू. फक्त एक करा. गाढवाच्या जागी घोडा घ्या. ग्राहकाला भेट देताना अवघडल्यासारखं वाटतं. आणि ही कोपऱ्यातली रेघ काढा, आमचं चिन्ह येईल तिथं."

म्हणजे घोडं अडलं ते असं.

रेघोटी विचार करून सांगते म्हणाली. घरी सासूबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. "घोडा काढायला तुझं काय जातंय? पाय तेवढेच, शेपूट तेवढंच. लक्ष्मी दारात आलीय आणि ही तिला कान दाखवतेय!"

सासूबाईंचं चुकत नव्हतं. यंत्र चालवून त्यांची मान धरायची आणि नवऱ्याचे गुडघे लोकांच्या मोऱ्यांत बसून झिजले होते. रेघोटीला ते दिसत होतं. म्हणून तिनं खरोखरच घोडा काढला. टाळायचं म्हणून वाईट नाही काढला. जीव ओतून काढला. आयाळ, खूर, ताठ मान. मग भिंतीला टेकवून लांबून पाहिला. घोडा झकास होता. फक्त तो तिच्या ओळखीचा नव्हता. त्यानं पाठीवर पोती कधी घेतली नव्हती, आणि वळणावर थांबून तो कुणाची वाट बघणारा नव्हता.

नवरा दारात उभा होता. "छान आलाय," तो म्हणाला. "पण कुणीही काढला असता."

एरवी मुका वाटणारा माणूस वेळेला असं बोलतो.

रेघोटी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन नाही सांगून आली. बाईंना वाईट वाटलं. "अशी संधी परत येईलच असं नाही हो."

"मान्य आहे," रेघोटी म्हणाली. "पण घोडे काढणारे पुष्कळ मिळतील तुम्हाला. गाढवं माझ्याकडेच आहेत." बोलताना आवाज खणखणीत होता, परतताना बसमध्ये मात्र ती हातच्या गेलेल्या पैशांचा हिशेब करत राहिली. तरीसुद्धा बसच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसला तेव्हा तिला तो आवडला.

सासूबाईंनी यंत्रावर कापड टाकलं आणि अबोला धरला. अबोला म्हणजे सुनेशी न बोलता सुनेला ऐकू जाईल असं भिंतीशी बोलणं. "काही लोकांना मेलं नाकापेक्षा मोती जड झालाय," असं भिंतीला कितीतरी वेळा कळवण्यात आलं.

अशात एका दुपारी दार वाजलं. दारात दार भरून माणूस. भाजीपाल्याच्या घाऊक बाजारातल्या हमालांचा मुकादम.

"गाढवाची पिशवी करता त्या तुम्हीच का ताई? माझी बहीण नर्स आहे. तिच्या खांद्याला बघितली. आमच्या सगळ्या गड्यांना जाकिटं करायचीत. बिनबाह्यांची, मजबूत. पाठीवर हे चित्र, हेच शब्द."

रेघोटीनं शाईचे हात पुसले. "मुकादम, एक बोलू? पिशवीचं वेगळं. अंगावर घालून दिवसभर बाजारात फिरायचं... गड्यांना अपमान वाटला तर?"

मुकादम उंबऱ्यावरच बसला. "ताई, आम्हाला गाढव म्हणतात ते काय आजपासून? 'ए गाढवा, पेटी नीट ठेव' असं ऐकूनच मी लहानाचा मोठा झालो. पण तुमचं चित्र बघितलं ना, तेव्हा वाटलं, म्हणतात तर म्हणू दे. गाढव म्हणजे हे असेल तर आपलं काय बिघडलं?"

आतून चाकाचा आवाज आला. सासूबाईंनी यंत्रावरचं कापड काढलं होतं. मोजपट्टी घेऊन त्या बाहेर आल्या आणि मुकादमाचे खांदे मोजता मोजता पुटपुटल्या, "माणूस मोजतेय की कपाट? जरा श्वास सोड बाबा, पट्टी संपली."

मग घराचा कारखाना झाला. जाड कापड, तिहेरी शिलाई. पाठभर चित्र म्हणजे चौकट मोठी, आणि एका दमात पातं ओढायला रेघोटीचा हात पुरेना; तेव्हा नवरा समोरून धरायचा आणि दोघं मिळून ओढायची. गाढवमेहनत म्हणतात ती हीच. पण एकही चित्र फिकट उतरलं नाही.

जाकिटं घेऊन तिघंही सकाळी बाजारात गेली. गाड्या रिकाम्या होत होत्या, कोबीचे ढीग, कांद्याची पोती, नुसता गलबला. गड्यांनी जाकिटं चढवली, एकमेकांच्या पाठी बघितल्या, थोडी थट्टा झाली. एक म्हातारा हमाल तेवढा हातात जाकीट घेऊन तसाच उभा राहिला. पांढऱ्या मिशा, मानेवर ओझ्याचा घट्टा.

"मी नाही घालणार," तो म्हणाला. "जन्मभर हेच ऐकलं. आता पाठीवर लिहून कशाला फिरू?"

मुकादम काही बोलणार, तेवढ्यात रेघोटी पुढे झाली. "नका घालू, बाबा. तुमचं बरोबर आहे." तिला समजूत घालणं जमत नसे. खरं तेवढं सांगता यायचं. "पण ही उगाच काढलेली नाही. ही खरी आहे. आमच्या वरच्या गल्लीतली. आम्ही राहतो त्या घराच्या विटा हिनंच वर नेल्यात."

म्हाताऱ्यानं जाकीट परत समोर धरलं. "खरी आहे?"

"आत्ता या वेळी पायऱ्या चढत असेल."

त्यानं चित्र बराच वेळ न्याहाळलं. "कान कशानं गेला?"

"लोखंडी पत्रा लागला. काका म्हणतात, तरी त्या दिवशी ओझं टाकलं नाही तिनं."

म्हाताऱ्यानं मान हलवली, जशी ओळखीच्या माणसाची बातमी कळल्यावर हलवतात. एक हात घातला, मग दुसरा. बटणं लावली, कांद्याचं पोतं पाठीवर घेतलं आणि गर्दीत शिरला. रेघोटी बघत राहिली. सगळीकडे पाठी, आणि पाठीपाठीवर कानतुटकी. पेट्यांमधून, ढिगांमधून, हातगाड्यांच्या मधून चालणारी. काहींवर पोत्याची धूळ बसायलाही लागली होती. छापखान्यात इतकी वर्षं काम केलं, पण आपलं चित्र असं कामाला लागलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. नवरा शेजारी उभा होता. त्यानं टोपी काढली आणि परत घातली.

म्हातारा फेरी संपवून परत आला. सरळ रेघोटीसमोर उभा राहिला. "चांगलं आहे. पण खिसा नाही."

"खिसा?"

"तंबाखू कुठं ठेवू? चष्मा कुठं ठेवू?"

सासूबाईंच्या कानावर ते पडलं मात्र, त्या लालेलाल. आपल्या शिवणात उणं! "सगळी जाकिटं परत द्या. दोन दिवसांत खिसे लावून देते."

पण जाकिटं उतरवायला कुणी तयार होईना. हा म्हणे उद्या देतो, तो म्हणे परवा देतो. मुकादमानं दरडावून पाहिलं, गोंजारून पाहिलं. एकही गडी अंगातलं काढीना.

शेवटी सासूबाईच हट्टाला पेटल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र डोक्यावर घेऊन मुकादम स्वतः पुढे, मागे कापडाचं गाठोडं घेतलेला नवरा, त्याच्या मागे सासूबाई. भाजीबाजारात कोबीच्या ढिगाशेजारी यंत्र मांडलं गेलं. गडी दोन फेऱ्यांच्या मध्ये यायचे, जाकीट काढून द्यायचे, उघड्या अंगानं तिथंच उभे राहून खिसा लागेपर्यंत नजर हटवायचे नाहीत. रेघोटी एका उलट्या पेटीवर बसून त्या उघड्या खांद्यांची चित्रं काढत होती. काय करायचं त्यांचं हे अजून ठरलं नव्हतं, पण हात थांबत नव्हता.

भाजी घ्यायला आलेली गिऱ्हाइकं गोळा झाली. एक बाई पिशवी सांभाळत पुढे घुसली आणि तिनं विचारलं, "हे काय चाललंय?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. चाक फिरवता फिरवता ठसक्यात म्हणाल्या, "आमच्या सुनेच्या कारखान्याचं काम चाललंय. बाजूला व्हा जरा, उजेड येऊ द्या."